बटाट्याच्या वाफ्यातलं घर

मिलवॉकी,
मायकेल संताच्या सणानंतरचा रविवार (सप्टेंबर सरला), दुपार (जेवून, हात साबणाने धुऊन बसले आहे)

माझी धाकटी, लाडकी क्रेसेन्झ हिला थोरल्या वालबुर्गाचे पोटभर आशीर्वाद आणि दोन्ही गालांवर एकेक मुका. देवाच्या आणि मारियामाउलीच्या कृपेने आम्ही इकडे सगळे हातीपायी धड आहोत, तशीच तूही असशील असं धरून चालते. गुडघा कसा आहे? कापूर चोळतेस की डॉक्टरचं ऐकतेस? (डॉक्टरचं ऐकू नकोस.) पुतण्याची बायको तुला अजून त्या मागच्या थंडगार खोलीतच ठेवते का आणि सूप अजून तसंच पाणचट करते का, ते एकदा स्पष्ट लिही. तू आपली दर पत्रात ‘सर्व ठीक’ एवढंच लिहून मोकळी होतेस. सर्व ठीक तर आपला बापही म्हणत होता, मरायच्या आदल्या दिवशी.

पत्र लांबलं आहे हे आधीच सांगते. मला तीन हिवाळ्यांची शाळा, आणि वाक्य कुठे तोडायचं हे पाद्रीबाबांनी शिकवायच्या आत मला शेळ्या राखायला धाडलं. तेव्हा वाचताना तुला जिथे दम लागेल तिथे तूच थांब. (आणि पुतण्याच्या बायकोकडून वाचून घेऊ नकोस. वर तिच्याबद्दल लिहिलं आहे.)

तर गोष्ट अशी, की आमच्या जावईबुवांची, म्हणजे ओटिलीच्या आंब्रोसची, नोकरी जाता जाता राहिली. राहिली म्हणजे अजून पुरती राहिलेली नाही, एका पायावर उभी आहे, आणि तो पाय कोणाचा ते ऐकलंस तर तोंडात बोट घालशील. पण सगळं ओळीने सांगते, नाहीतर तू मागच्यासारखी विचारशील की बैल कुणाचा आणि विहिरीत पडलं कोण.

आंब्रोस शिळाछापात आहे हे तुला माहीत आहे. त्याचा मालक क्रॉकर नावाचा यांकी. हा क्रॉकर शहरांचे नकाशे छापून विकतो. आपल्याकडे बव्हेरियात सरकारी मोजणीदार करतात तसले रेघारेघांचे नकाशे नव्हेत गो. हे म्हणजे पाखराने वरून बघितल्यासारखं अख्खं शहर, प्रत्येक घर, घराला खिडक्या, नदीत बोटी, रस्त्यात घोडागाड्या. लोक दिवाणखान्यात चौकटीत लावतात. येशूच्या तसबिरीशेजारी लावतात, आणि आमच्या गल्लीतल्या एका घरी तर तसबीर थोडी सरकवून लावलाय. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आंब्रोसला विचारलं, की अरे, वर जातो कोण? फुग्यात बसून जातात का? तो म्हणाला, “आई, वर कोणी जात नाही. खालीच फिरतात.” माझा विश्वास बसेना. मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात क्रॉकरने आमच्याच शहराचा नवा मोठा नकाशा काढायला घेतला, तेव्हा म्हटलं आता डोळ्यांनी बघायचंच.

चित्र काढणारा होता वोइतेख नावाचा एक बोहेमियन, लांबुडका, जिराफासारखी मान, गळ्यात फळी अडकवलेली. तो रोज एकेक गल्ली पायी तुडवायचा आणि एकेक घर टिपायचा. मी विणकाम घेऊन त्याच्या मागे. त्याने खिडक्या मोजल्या की मीही मोजायची, आणि दोनदा त्याची चूक काढली. (एकदा माझीच निघाली, पण मी बोलले नाही.) मी विचारलं, तू उभा जमिनीवर, आणि काढतोस आभाळातून, हे जमतं कसं? तर म्हणतो, “आजी, तुम्ही टेबलाच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या ताटात काय आहे ते ओळखता ना? तसंच.” आता ते तर मी ओळखतेच, कोणाच्या ताटात मांस जास्त पडलं हे मला पाठ फिरवूनही दिसतं. तेव्हापासून मला ती विद्या पटली. पण गंमत पुढेच आहे. वोइतेख येणार ही बातमी त्याच्या आधी गल्लीत पोचायची, आणि बायका काय काय करायच्या म्हणून सांगू! एकीने पडदे धुतले. एकीने नवऱ्याला दारात कोट घालून उभं केलं, त्या उन्हात. समोरच्या क्नॉपबाईने तर त्याला कॉफी पाजून सांगितलं, की आमचा मागचा संडास नकाशात नको. तो म्हणाला, बरं. मग ही बातमी फुटली आणि सगळ्या शहराने त्याला कॉफी पाजली. आज त्या नकाशात एवढं मोठं शहर आहे, क्रेसेन्झ, आणि संडास एकही नाही. लोक काय करतात देव जाणे.

आणखी एक रीत आहे या धंद्यात. नकाशात सगळी धुराडी धूर ओकत असतात. बंद पडलेल्या कारखान्याचंही धुराडं ओकतं, रविवार असो की उन्हाळा असो. मी विचारलं तर आंब्रोस म्हणाला, धूर म्हणजे भरभराट, बिनधुराचा नकाशा कोणी घेत नाही. बरं, सगळा धूर जातो सरोवराकडे आणि बोटींची शिडं फुगलेली शहराकडे, म्हणजे वारा नक्की कुठला? यावर तो म्हणाला, “आई, तुम्ही जेवा.” आणि जी इमारत अजून झालेली नाही पण होणार आहे, मालकाने तसा शब्द दिला आहे, तीही झालेली दाखवायची. ल्यूथरनांच्या चर्चचा मनोरा असाच, अजून कमरेइतकाच आहे, पण नकाशात आमच्या चर्चच्या वर डोकं काढून उभा. आमचे पाद्रीबाबा ते बघून तडक क्रॉकरकडे गेले आणि आमच्याही मनोऱ्याला शब्दाने चार हात वाढवून आले. आता दोन्ही पंथांना ते बांधून पुरे करायचे आहेत. एरवी या दोन चर्चांचं कशावर एकमत झालं होतं?

आता खरी गोष्ट. वोइतेखची चित्रं जमली, की आंब्रोसने ती दगडावर उतरवायची. दगड कुठला, सांग! आपल्या डोंगराचा, क्रेसेन्झ. आपल्याच खाणीतला, समुद्र ओलांडून माझ्यासारखाच बोटीने आलेला, आणि माझ्यासारखा वाटेत ओकलाही नसेल. जगात एवढा तुळतुळीत दगड दुसरीकडे निघत नाही म्हणतात. मी छापखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हा ही थोरली लादी, दोघांना उचलेना अशी, मेजावर पडलेली, आणि एका कोपऱ्यात ती काळी काळी झाडोऱ्याची नक्षी, आपण लहानपणी ज्याला दगडातलं शेवाळ म्हणायचो ती. मला रडूच आलं. आंब्रोस म्हणाला, “आई, दगडावर रडू नका.” इतका जपतो तो त्याला. कारण काय, तर त्या धंद्याचं मर्म सगळं चरबीत आहे. चरबीच्या खडूने दगडावर चित्र काढायचं, तेही उलटं, आरशातल्यासारखं. मग दगड पाण्याने ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. जिथे चरबी तिथे शाई धरते, जिथे पाणी तिथे धरत नाही. सुपावरचा तवंग पाण्यात मिसळत नाही ना, तेच. एवढ्याशा गोष्टीवर एवढा मोठा छापखाना चालतो आणि लोक त्याला कला म्हणतात.

गेल्या नोव्हेंबरात, मार्टिन संताच्या सणाला, आंब्रोस सुट्टी न घेता दगडावर बसला होता. महिनोन्‌महिने खपून शहर जवळजवळ पुरं झालं होतं. ओटिली म्हणाली, सणाचा माणूस उपाशी नको, तेव्हा मी टोपलीत बदकाची तंगडी, काळा पाव आणि बदकाच्या चरबीची वाटी घेऊन गेले. त्याला वाढलं, मीही एक पाव चरबी लावून खाल्ला, आणि तो तिकडे खिडकीशी उभा राहून खात असताना मी दगडाशी गेले. बघते तो आमची गल्ली! शहराच्या अगदी अलीकडच्या कडेला, म्हणून घरं चांगली नखाएवढी. उलटी होती, पण मी ओळखली. हे क्नॉपबाईचं, हे आमचं, आणि शेजारी आमचाच तो रिकामा तुकडा जिथे मी बटाटे लावते, तो मोकळा, पांढरा. कोणालाही वाटेल तसं मला वाटलं, की आपल्या घराला हात लावावा. एप्रनला हात पुसले आणि बोट टेकवलं. बस. एवढंच. डोळ्यांना काही दिसलं नाही, दगड जसा होता तसाच. मी टोपली घेऊन घरी आले आणि रात्री जपमाळ ओढून झोपले.

पुढे चित्र पक्कं व्हायला दगडाला आम्ल देऊन पहिला छाप काढला, आणि आंब्रोस घरी आला तो पांढराफटक. म्हटलं कोण मेलं? त्याने कागद टेबलावर पसरला. सगळं शहर सुरेख, आणि आमच्या बटाट्याच्या वाफ्यावर एक काळाकुट्ट डाग, करंगळीच्या टोकाएवढा, आमच्या घरापेक्षा उंच! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ओटिलीने डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “आई, बदक!” मी म्हटलं, मला काय ठाऊक बाई, मी अडाणी. आंब्रोसने कागदाची नीट घडी घातली. तो रागावला की बोलत नाही, उत्तरेकडच्या त्या पोम्मेरियाच्या लोकांसारखा आरडाओरडा करत नाही, म्हणून तर मी त्याला मुलगी दिली. मी विचारलं, खरवडून टाकता येत नाही का? तेव्हा त्याने मला समजावलं. दगडावर घालणं सोपं आणि काढणं कठीण. चरबी दगडात मुरते. ती काढायची तर दगड खोल खरवडावा लागतो, मग तिथे खळगा पडतो, खळग्यावर रूळ नीट बसत नाही, आणि एका डागापायी सगळी गल्ली धुरकट छापली जाते. नाहीतर अख्खा दगड वाळूने घासून कोरा करायचा आणि शहर पुन्हा पहिल्यापासून. पण काळ्यात सुईने पांढरं कोरता मात्र येतं. मग जावईबुवांनी काय करावं? दुसऱ्या दिवशी सुई घेऊन त्या डागाला छपराची कड काढली, खिडक्या काढल्या, दार काढलं, आणि रीतीप्रमाणे वर धुराडं आणि धूर चढवला. झालं डागाचं घर! इतकं गोड दिसत होतं ते, क्रेसेन्झ, की सगळ्या गल्लीत तेच आधी डोळ्यांत भरायचं. क्रॉकरने विचारलं हे कोणाचं? आंब्रोसला खोटं बोलता येत नाही, तो नुसता खोकला. मग दिलाच मी निरोप, की माझ्या बहिणीचं, होणार आहे, शब्द दिला आहे. क्रॉकर म्हणाला, उत्तम. मला वाटलं, मिटलं.

मिटतंय कुठलं! वसंतात नकाशा निघाला, वर्गणीदारांना वाटला गेला, आणि म्युनिसिपालटी तो घाऊक घेणार असं ठरत आलं, शाळाशाळांतून लावायला आणि पूर्वेकडे धाडायला. ते झालं असतं तर छापखान्याला दोन-तीन वर्षं मान वर करायला फुरसत नव्हती. तेवढ्यात शिकागोहून एक दुसरा नकाशेवाला उगवला आणि त्याने वर्तमानपत्रात छापून आणलं, की क्रॉकरचा नकाशा म्हणजे थापांचं पुस्तक, त्यातली अर्धी घरं वाऱ्यावर बांधलेली आहेत. (अर्धी नव्हती. थोडी होती.) म्हणून म्युनिसिपालटीने कमिटी नेमली. नकाशा हातात धरून गल्लोगल्ली फिरायचं आणि शब्द दिलेली घरं तपासायची. आणि क्रॉकरने छापखान्यात सगळ्यांदेखत सांगितलं, ज्याच्या हातून खोटं घर आलेलं असेल त्याने दुसरीकडे काम बघावं. दुसरीकडे म्हणजे सेंट लुईस, नाहीतर कुठे रानात. ओटिली रात्रभर रडली. मी नाही रडले, मी विचार करत होते. मला रडताना विचार होत नाही.

कमिटी आमच्या गल्लीत आली तेव्हा मी वाफ्यात बटाट्यांना माती लावत होते. दोघे होते. एक मॅग्राथ नावाचा आयरिश मेंबर, पोट पुढे आणि टोपी मागे, आणि एक टिल्टन, वाळक्या घेवड्याच्या शेंगेसारखा, उन्हात छत्री मिटून धरणारा. ओटिली मधे उभी राहून त्यांचं इंग्रजी मला आणि माझं जर्मन त्यांना सांगत होती. टिल्टनने नकाशा पाहिला, वाफा पाहिला, परत नकाशा पाहिला, आणि म्हणाला, “इथे घर असायला पाहिजे.”

मी म्हटलं, “होईल की. बटाटे तर निघू देत.”

“कोणाचं घर?”

“माझ्या बहिणीचं.”

“बहीण कुठे आहे?”

“बव्हेरियात.”

“आणि घर कुठे आहे?”

“ते तुमच्याच हातात आहे, साहेब,” मी म्हटलं, आणि तो मॅग्राथ असा हसला की त्याच्या बंडीचं बटण माझ्या बटाट्यांत पडलं. (सापडलं. शिवून दिलं. माणूस चांगला आहे, आमच्याच चर्चात मागच्या बाकावर बसतो.) तो टिल्टनला म्हणाला, “अहो, सोडा ना, म्हातारी आहे.” पण टिल्टन सोडणाऱ्यांतला नाही. त्याने छत्रीचं टोक नकाशावर टेकवलं. “धूर निघतोय इथे,” तो म्हणाला. “म्हणजे चूल पेटली आहे. म्हणजे आत माणूस आहे. घर होणार आहे असं म्हणता येईल, पण बाई, धूर होणार आहे असं कसं म्हणता येईल?” मी म्हटलं, “बहीण माझी पहिल्यापासून लवकर उठणारी.” ओटिलीने हे त्याला सांगितलंच नाही, काहीतरी भलतंच सौम्य सांगितलं, कारण तो हसला नाही.

शेवटी टिल्टनने निकाल दिला. दोन्ही मनोऱ्यांना पाच वर्षं, अजून न झालेल्या एका हॉटेलाला दोन, कारण त्यांचे मालक मोठे. आणि आमच्या घराला? मार्टिन संताच्या सणापर्यंत! तोवर नकाशातल्यासारखं घर उभं पाहिजे, आणि आत राहणारं माणूस पाहिजे, चुलीवर स्वयंपाक करणारं. तो स्वतः येऊन धूर बघणार. तोवर म्युनिसिपालटी नकाशाला हात लावणार नाही. त्या संध्याकाळी आंब्रोसने काटा ताटात ठेवला आणि म्हणाला, “आई, मी सगळ्या बाजूंनी विचार केला. ते घर पुसण्यापेक्षा बांधणं सोपं आहे.”

आणि बांधलं गो! म्हणजे मी नाही, ड्रेव्हस सुताराने. पोम्मेरियाचा आहे, ल्यूथरन, विधुर, आवाज हा एवढा. लाकूड मिळालं एका दारूभट्टीची जुनी वखार मोडली तिचं, त्यामुळे पाऊस पडला की घराला अजून बिअरचा मंद वास येतो. (तुला आवडेल.) छापखान्यातली माणसं रविवारी प्रार्थनेनंतर येऊन हात लावायची, वोइतेखसुद्धा यायचा, आणि स्वतः काढलेल्या शहरात खिळे ठोकताना त्याला इतका आनंद व्हायचा की निम्मे वाकडे जायचे. ड्रेव्हसने नकाशा आमच्या सफरचंदाच्या झाडाला ठोकला आणि म्हणाला, “मी आजवर घर बघून नकाशा काढतात असं ऐकलं होतं. तुम्हा कॅथलिकांचं सगळं उलटं.” मग भिंत उचलताना परत सुरू, “याला भिंती सरळ करू की तुमचं नवसाने भागतं?” मी म्हटलं, “सरळच कर बाबा, म्हणून तर ल्यूथरनाला बोलावला. सरळ असतात ते, मग आतून कितीही थंड असोत.” दुसऱ्या दिवशी तो माझ्यासाठी एक बसायचं स्टूल करून घेऊन आला, की बाई, बोलायचंच आहे तर बसून बोला.

अडचणी फार आल्या. नकाशातलं घर आमच्यापेक्षा उंच, कारण माझी करंगळी जाड, म्हणून वर एक माळा काढावा लागला. खिडक्या एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला एकही नाही, कारण तिकडे सुई घसरली होती. आणि दार! आंब्रोस आयुष्यभर सगळं उलटं काढत आलेला, त्याला उजवं डावं झोपेतही बदलून घ्यायची सवय. पण त्या दिवशी माझ्या डागाने त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि दार त्याने सुलटं कोरलं. छापात ते गेलं पलीकडच्या अंगाला. ड्रेव्हस म्हणाला, दार रस्त्याकडे काढू या, शहाण्या माणसासारखं. मी म्हटलं, नकाशाप्रमाणे. टिल्टन छत्री घेऊन येणार आहे. तर आता घराचं दार रस्त्याकडे पाठ करून आहे आणि उघडलं की समोर आमचा संडास, जो नकाशात नाही. पण सकाळचं ऊन थेट आत येतं, आणि उंबऱ्यावर बसलं की माझ्या स्वयंपाकघराची खिडकी समोर. एक हाक, आणि कॉफी.

छप्पर ऑगस्टात चढलं. चूल बसली. पडदे क्नॉपबाईने दिले, वोइतेखसाठी तिनेही धुतले होते तेच. आणि आता बघ माझे हाल. टिल्टन कधी येईल याचा नेम नाही, तो रस्त्यातून मुद्दाम वाट वाकडी करून जातो असं मॅग्राथ सांगतो. तेव्हा मी सत्तरीची बाई, सकाळ-संध्याकाळ लाकडाची मोळी घेऊन त्या रिकाम्या घरात जाते, चूल पेटवते, आणि धूर नीट निघेपर्यंत तिथे बसते. नुसतं बसून काय करायचं म्हणून बटाटे उकडते. मग ते इकडे आणून खावे लागतात. घरातले सगळे उकडलेल्या बटाट्यांना कंटाळले आहेत. गल्लीतली माणसं येता-जाता विचारतात, “काय आजी, बहीण उठली का?” मी म्हणते, “उठली, केस विंचरतेय.” एका नवीन पोस्टमनने तर तुझ्या नावाची चौकशी केली. मी म्हटलं, क्रेसेन्झ, आणि त्याने वहीत लिहून घेतलं. तुला पत्र येऊ लागलं तर मी काय उत्तर देणार आहे, मला माहीत नाही.

पण एक सांगू? त्या घरात बसलं की मला फार छान वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट बघते आहे जी आधी कागदावर झाली आणि मग खरी झाली. आपल्याकडे कागदावरचं कधी खरं व्हायचं? सरकारने कागदावर आपल्या गावाला पूल दिला होता, तू अजून ओढ्यातून घोटे भिजवत जातेस. इथे मी काय काय बघितलं गो, आणि अजून मला सगळं बघायचं आहे. आंब्रोस पुढच्या वर्षी रंगीत छापणार आहे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि सगळे एकावर एक नेमके बसायला पाहिजेत. ते कसे बसवतात हे मी विचारून ठेवलंय, पण नीट कळलं नाही. छापखान्यात मला आता दाराच्या आत येऊ देत नाहीत, हात धुतले तरी.

सर्वांना नमस्कार सांग. पाद्रीबाबांना, आणि खाणीवरच्या जुन्या माणसांत जे कोणी उरले असतील त्यांना. आईबापांच्या कबरीवर माझ्या नावाचा एक दिवा लाव. बाकी इकडचं सर्व ठीक.

तुझी थोरली बहीण,
वालबुर्गा

ता. क. एवढं सगळं लिहून मुद्दा राहिलाच. तू ये. यावेळी ‘म्हातारपणी कुठे’ असं लिहू नकोस, कुठे ते आता छापून आलं आहे. ब्रेमेनहून बोट आहे, तिकीट सोबत घातलंय, आणि लगेच निघालीस तर टिल्टन यायच्या आत पोचशील. पोचायला दोन-चार दिवस उशीर झाला तरी हरकत नाही, मॅग्राथ म्हणाला आहे की तो त्या आठवड्यात टिल्टनला दुसऱ्या टोकाला कुठेतरी नेऊन गुंतवेल. पिसांची गादी आण. सूप इथे मी करते, दाट.

पुन्हा ता. क. ड्रेव्हस दर दोन दिवसांनी येऊन छप्पर तपासतो. छप्पर गळत नाही हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत आहे. काल विचारत होता, तुमच्या बहिणीला वाफवलेले यीस्टचे गोळे करता येतात का. मी म्हटलं, माझ्यापेक्षा चांगले. ल्यूथरन आहे, पण स्टूल उत्तम करतो. बघ बाई, मी काही म्हणत नाही.

शेवटचं, आणि हे वाचून झालं की पत्राचा हा खालचा तुकडा चुलीत घाल. तुला तर मी फसवू शकणार नाही. आपण दोघी खाणीवर वाढलो. भाकरीला चरबी लावून खाल्लेल्या हाताने घासलेल्या दगडाला शिवलो म्हणून बापाच्या हातचा मार कोणी खाल्ला, मी की तू? दोघींनीही. तेव्हा इथे सगळ्यांना वाटतं तसंच वाटू दे, आंब्रोसला तर नक्कीच. पण त्या दिवशी एप्रनला मी नऊच बोटं पुसली होती.